तिळ्याचं वजन

दैवशालाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्याशी भांडायला आली होती. त्याला एकवीस वर्षं झाली. परभणीच्या कॉलेजात मी गृहविज्ञान शिकवायचे आणि गावोगावी युवक मंडळं काढायची एक योजना माझ्या गळ्यात पडली होती. पालम तालुक्यातल्या धोंडमाळ गावी, मारुतीच्या पारासमोर सतरंजी टाकून मी तरुण मुलींना लिंबाचं लोणचं शिकवत बसले होते. पंचवीस-सव्वीस वर्षांची एक बाई, कडेवर पोरगं, मागे दोन शेळ्या, पाराशी येऊन उभी राहिली. तिने बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्याडम, लोणचं आमाला येतंय. तुमाला येत नसंल तर आमी शिकवताव. त्या मोटारीचं ष्टाटर कसं दुरुस्त करायचं ते सांगा. दर बारीला पालमहून माणूस आणावा लागतोय."

स्टार्टरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या खेपेला पालमच्या एका वायरमनला सोबत घेऊन गेले. लोणच्याची बरणी तिच्याच घरी राहिली. मीठ कमी पडलं होतं, असं तिने मला सहा महिन्यांनी न विचारता सांगितलं.

मंडळाची पुढची सगळी पद्धत तिनेच बसवली. माझ्या फायलीत वेगळी होती. ती फाईल रद्दीत गेली हे बरंच झालं. पोळ्याला नावं द्यायची. ज्याने त्याने एकच काम घ्यायचं आणि ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वतःच्या हाताने करायचं. कुणी सायकल सुटी करून पुन्हा जोडायची, कुणी सदरा शिवायचा, कुणी चुलीचा धूर घराबाहेर काढायचा, कुणी विहिरीचं पाणी दर आठवड्याला मोजायचं. वही ठेवायची. आणि महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आपलं काम घेऊन पारावर उभं राहायचं. गावातल्या कुणीही यावं, काहीही विचारावं. या दिवसाला ती 'पुसणी' म्हणते. पुसणीचे कायदे दोन. 'ठावं न्हाई' म्हणायला मोकळीक आहे. दुसऱ्यावर ढकलायला नाही. सायकलचं चाक डगमगलं म्हणून एका पोराने दुकानदाराला नावं ठेवली, तेव्हा तिने त्याला भर पारावर ऐकवलं होतं, "चाक तू बघून घेतलंस का? न्हाई ना? मंग बस खाली."

तीन वर्षांनी योजना बंद झाली. मी अहवाल लिहिला, फोटो चिकटवले आणि मोकळी झाले. तिला पत्राने कळवलं. तिने उत्तर पाठवलं नाही आणि मंडळही बंद केलं नाही. शिवरात्रीच्या आधी गावातल्या रुपयाच्या डब्यावरून फोन आला, "म्याडम, पुसणी हाय. पालमहून साडेनवाची गाडी हाय, फाट्यावर उतरा." तेव्हापासून मी दरवर्षी जाते. फाट्यापासून अडीच किलोमीटर आहे. पूर्वी चालायचे, आता कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसते आणि सगळा रस्ता त्याला हळू चालव म्हणून सांगते.

तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांची नावं तिला पाठ आहेत. स्टार्टर शिकलेला गोपाळ पुण्याला लिफ्ट दुरुस्त करतो. सविता नांदेडला दवाखान्यात आहे. नागेशने मोडक्या सायकलचं, तण काढायचं कोळपं बनवलं होतं, त्याचा फोटो पेपरात आला आणि त्या कात्रणावर त्याला हैदराबादला नोकरी लागली. कोळपं तिच्या गोठ्यात पडून आहे. गावातले म्हातारे तिला तोंडावर म्हणतात, "तुझ्या मंडळात घातलं की पोरगं गेलंच समज." ती हसते. पण मला एकदा म्हणाली, "खोटं न्हाईत बोलायले. हाताला काम आलं की पोरांचा पाय ठरत न्हाई गावात." त्या दिवशी कडेवर होता तो शिवशंकर, तिचा एकुलता मुलगा, वाळूजला कंपनीत आहे. तोही मंडळातलाच.

दैवशाला धनगराच्या घरातली. तिचा नवरा मुंजाजी आणि थोरला दीर रामकिशन दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाला उतरतात, आज या रानात खतासाठी मेंढ्या बसव, उद्या त्या रानात, असं करत मृगाच्या आधी परत येतात. पूर्वी बायकाही जायच्या. दैवशालाने मंडळ चालवायचं म्हणून जाणं सोडलं. मुंजाजी त्यावर कधी काही बोलला नाही. चांगलं नाही, वाईट नाही. माणूस कमी बोलणारा. मेंढ्यांशी शीळ घालून बोलतो तेवढंच. थोरली जाऊ कमलबाई मात्र बोलली. दैवशाला गावात पोरं जमवून बसली आणि वाटेवरच्या पालावर दोघा भावांच्या भाकरी एकट्या कमलबाईने थापल्या, सतरा वर्षं. तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले तेव्हा तीही गावात राहिली. दोघींच्या घरांत एकच भिंत. इकडे ताट वाजलं की तिकडे ऐकू येतं. आठ महिने दोन बायका त्या एका भिंतीच्या दोन बाजूंना आपापली एकेक भाकरी थापतात. एकत्र करा की, म्हणून मी दोघींनाही सांगून बघितलं. दोघीही "हाव" म्हणाल्या आणि दोघींनीही काही केलं नाही.

यंदा पोळ्याला मंडळात चार नावं आली. एके काळी तीस येत. दसरा झाला आणि दोघं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. तिसऱ्याला परभणीला वसतिगृह मिळालं. उरली दिपाली, बारावीतली. ती विहिरीचं पाणी मोजत होती. जानेवारीत तिच्या मामाने तिला अभ्यासाला शहरात नेलं. जाताना दैवशालाकडे वही घेऊन आली, "मावशी, तुमीच मांडा ना माझं."

"दुसऱ्याचं काम मी कसं मांडू? वही संगं ने. अभ्यासाचा कंटाळा आला तर वाच."

म्हणजे पुसणीला उभं राहायला कुणी नव्हतं. मी फोनवर सरळ सांगितलं, "दैवशाला, एक वर्ष सोड. काही बिघडत नाही. मीही चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, मला यायचा त्रास वाचेल."

"मोडायची न्हाई म्याडम. यंदा मी उभी राहणार."

"तू? तुझं काम कोणतं?"

"तिळ्या."

तिळ्या मला माहीत होता. मुंजाजी निघायच्या दोन दिवस आधी कळपातली एक शेळी तीन पिलांना व्याली. दोन तिने जवळ घेतली, तिसऱ्याला लाथ मारली. मुंजाजी म्हणाला, हे वाटेत मरंल, इथंच असू दे. तो गेला, आणि हे इवलंसं काळं बोकड दैवशालापाशी राहिलं. तिळ्यातलं म्हणून तिळ्या. घरी एक म्हातारी शेळी होती, ती त्याला अंगाला लागू देईना, म्हणून तिचं दूध काढून बाटलीने पाजायचं. तेव्हाच दैवशालाने ठरवलं होतं की आईने टाकलेलं करडू शंभर दिवसांत आईपाशी वाढलेल्याच्या जवळपास येतं का, ते बघायचं. गावात शेळ्या घरोघर, पण मंडळात शेळीचं काम आजवर कुणी घेतलं नव्हतं. त्यात काय शिकायचं, म्हणत. तिने घेतलं. तोवर ते फक्त तिच्यापुरतं होतं. आता सगळी पुसणीच त्याच्यावर आली.

"आणि समज, मोडली पुसणी," मी म्हटलं, "तर कुणाचं काय अडणार आहे?"

ती म्हणाली, "वर्षातून त्यो एकच दिवस हाय म्याडम. त्या दिवशी मानसं मला काहीतरी पुसतेत. येरवी जेवलीस का म्हणून पुसणारं बी कोण हाय?"

वजन लिहितेस ना, एवढंच विचारलं.

वजनाचा काटा मीच नेऊन दिला होता, मार्गशीर्षात. स्प्रिंगचा, हुकाचा, खास त्याच्यासाठी विकत घेतलेला. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला तो टांगून, तिळ्याला जुन्या टॉवेलच्या झोळीत घालून पहिलं वजन आम्ही दोघींनी मिळून केलं. दीड किलोच्या पुढे काटा जेमतेम सरकला. तो झोळीत पाय झाडत ओरडायला लागला तेव्हा कमलबाई गुडघ्यावर हात ठेवून दारात आली.

"खाटकावानी काय लटकावलंस गं लेकराला?"

"काम हाय जाऊबाई."

"इकायचं हाय का?"

"आता न्हाई."

"मंग तोलायलीस कामून?"

दैवशाला वहीत आकडा लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "शिवरात्र झाल्यावर सांगते."

कमलबाईने मला नमस्कार केला आणि आत गेली. मीही त्या वेळी काट्याचा आकडा नीट वाचता येतो का, याच नादात होते. इतकी वर्षं मी खेड्यापाड्यांतून हिंडले, आणि धनगराच्या घरात जिवंत जनावर काट्याला लावण्याचा अर्थ काय होतो, हे मला विचारावंसं वाटलं नाही. काटा माझा, त्यामुळे चुकीतला निम्मा वाटाही माझा. तो इथे लिहून ठेवते.

मग दर रविवारी सकाळी नऊला मी फोन करायचे आणि ती आकडा सांगायची. दोन किलो शंभर. दोन किलो आठशे. पाचव्या रविवारी आकडा हलला नाही. तिने त्याच दिवशी पालमला जाऊन जंताचं औषध आणलं. सातव्या रविवारी पाच किलो झाले तेव्हा तिने तिळ्याला फोनवर ओरडायला लावलं. मी म्हटलं, "पुरे, ऐकू आलं." तो तिच्या मागे मागे घरभर फिरायचा. दुसऱ्यांच्या शेळ्या रानात निघाल्या की तिने त्याला त्यांच्यात सोडून बघितलं. हा दोन मिनिटांत उलटा पळत घरी. तो स्वतःला शेळी समजतच नव्हता. ती चुलीपाशी बसली की तोही बसायचा. तिचं बोलणं ऐकायला घरात कुणीतरी होतं. फोन ठेवता ठेवता मला तिचा आवाज ऐकू यायचा, "म्याडम व्हत्या. खुशाल हायेत."

शिवरात्रीला बारा दिवस राहिले असताना, एका मंगळवारी, ती रेशनकार्डाला अंगठा द्यायला पालमला गेली. मशीन तिचा अंगठा घेईना. हातावरच्या रेषाच झिजल्यात. पुसून, धुऊन, तेल लावून पाच वेळा प्रयत्न झाला आणि घरी यायला दिवस मावळला. फाट्यावरून चालत आली. तिळ्या रोज बांधापर्यंत सामोरा यायचा. आला नाही. अंगणात दावं पडलेलं. घुंगरू दाव्यालाच.

कमलबाई आपल्या ओट्यावर वाट बघत बसली होती. उत्साहात होती, असं दैवशालाने मला नंतर सांगितलं.

"दैवशाला, ब्यापारी आला व्हता फटफटीवर. शिवरात्रीला लय जण इकतेत, भाव पडतोय म्हनला. म्या मुंजाजीला फोन लावला. त्यो म्हनला, वहिनी, ती तोलायलीय म्हंजी इकायचंच असंल, देऊन टाका." आणि रुमालात बांधलेल्या नोटा तिने पुढे केल्या. "मोजून घे. भाव लावून घेतलाय म्या, उगं न्हाई दिला."

दैवशालाने रुमाल घेतला. "बरं," म्हणाली आणि घरात गेली.

मला फोन आला तेव्हा अंधार पडला होता. "तिळ्या गेला."

मला वाटलं मेला. "कशाने?"

"इकला."

सगळं ऐकून मी आधी कमलबाईवर चिडले, मग मुंजाजीवर, मग तिच्यावर. "त्या व्यापाऱ्याला फोन लाव. परत माग."

"लावला. मालाची गाडी नांदेडच्या म्होरं गेली म्हनला. तिथून हैदराबाद."

"मग दुसरं एखादं करडू आण, त्याच वजनाचं. काळं असलं म्हणजे झालं. वही तर खरी आहे. कुणाला कळणार आहे?"

ती शांतपणे म्हणाली, "म्याडम, तुमी खाली बसा."

बसले. एकवीस वर्षांत तिने मला पहिल्यांदाच खाली बसवलं, आणि बरोबरच बसवलं.

पुसणीच्या दिवशी मी पोचले तेव्हा पारासमोर मंडळाची सतरंजी पसरलेली होती. पन्नास माणसं बसतील एवढी. तीवर अकरा माणसं होती, मला धरून. किराणा दुकानवाला महारुद्र, सिताराम नावाचा एक म्हातारा धनगर, चार-पाच बायका, शाळा सुटली म्हणून आलेली दोन पोरं. अगदी कडेला, सतरंजीवर निम्मी आणि मातीत निम्मी, कमलबाई. पारावर दैवशालाने काम मांडलं होतं. वही, काटा, टॉवेलची झोळी, रबरी बूच लावलेली बाटली, दावं. ती त्यांच्यामागे उभी राहिली. नवी साडी नेसली होती, घडीची रेघ मोडलेली नव्हती. स्वतः उभं राहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

महारुद्रने सुरुवात केली. "आधी बोकड दाखव बाई. वही बघून काय करावं?"

दोघं-तिघं हसले. गावाला सगळं माहीत होतं.

"बोकड न्हाई."

"कुठं गेलं?"

"इकलं गेलं."

"कुणी इकलं?"

कमलबाईने पदर पुढे ओढला. कायदा सगळ्यांना माहीत होता, आणि तो मोडतो का हेच बघायला निम्मी माणसं आली असावीत, असं मला वाटलं.

"मी तोलायले व्हते," दैवशाला म्हणाली. "दर ऐतवारी, अंगणात, समद्यांच्या म्होरं. आपल्यात जित्राब कवा तोलतेत? इकायच्या वक्ताला. कामून तोलायले ते मी घरात सांगितलं न्हाई. मालकाला न्हाई, कुणालाच न्हाई. चूक माझी हाय. म्होरं पुसा."

मग विचारलं लोकांनी. दूध किती वेळा पाजलं, गरम का गार, पाला कोणत्या महिन्यात सुरू केला. ती वही न बघता सांगत होती. आवाज हळूहळू मोकळा झाला. सितारामने काठीवर हनुवटी टेकली. "तोलून काय कळलं गं? आमी हातावर उचललं की सांगताव, किती भरंल ते."

"पाचव्या ऐतवारी तुमीच उचलून बघितला व्हता मामा. 'चांगला भरलाय' म्हनलात. काटा म्हनला, न्हाई भरला. पोटात जंत निगाले."

"व्हय का," म्हातारा म्हणाला. "मंग काटा बरा म्हनायचा."

"शेवटी किती भरला?" मी विचारलं. मला माहीत होतं. पण मीही तिथे विचारायलाच आले होते.

"नऊ किलो दोनशे. मंगळवारच्या आधीचा ऐतवार. आईपाशी वाढलेलं धाच्या आसपास भरतंय."

पोरं उठायला लागली. महारुद्रने दुकानाकडे मान वळवली. दैवशाला वही मिटणार, तेवढ्यात कडेवरून आवाज आला. कमलबाई उठली नव्हती, बसल्या जागेवरूनच बोलली.

"मला कामून न्हाई सांगितलंस?"

सगळे थांबले.

"मालक रानात हायेत. त्यायला सांगणं झालं न्हाई, मानलं. म्या तर भिंतीपल्याड व्हते. इचारलं बी व्हतं म्या तुला."

दैवशालाने दावं उचललं, त्यातलं घुंगरू वाजू नये म्हणून मुठीत धरलं. ती बराच वेळ तशीच उभी होती. नवशिक्या पोरांना मी असं उभं राहिलेलं बघितलं आहे. तेव्हा मला घाई सुटते, मी उत्तर सुचवते. या वेळी मीही गप्प बसले.

"ठावं न्हाई," ती म्हणाली.

कमलबाईने मान हलवली. पटलं म्हणून नाही. उत्तर मिळालं, एवढ्यासाठी. मग गुडघ्याला हात लावून उठली आणि घराकडे गेली. तिच्या मागे बाकीचेही पांगले.

सतरंजी घडी करायला दोन माणसं लागतात. मी एक टोक धरायला वाकले, पण माझी कंबर अर्ध्यात अडली. "तुमी ऱ्हाऊ द्या," दैवशाला म्हणाली. तिने सतरंजीच्या एका कडेच्या दोन्ही कोपऱ्यांवर एकेक दगड ठेवला, समोरचं टोक उचलून ते दगडांपर्यंत चालत आणलं, कोपरे जुळवले, दगड काढले, पुन्हा नव्या कडेवर ठेवले, पुन्हा गेली. चार फेऱ्यांत घडी झाली, काठाला काठ लागलेली. तिची ही रीत हाताला चांगलीच बसलेली दिसली.

गाडीला वेळ होता. आम्ही पारावर बसलो. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाने एक ओळ लिहायची असते: पुढच्या वेळी काय वेगळं करीन. ती ओळ लिहिली नाही तर काम पुरं धरत नाहीत. तिचं पान कोरं होतं.

"भर," मी म्हटलं.

"घरी भरते."

"इतक्या पोरांना तू 'घरी भरतो' म्हणू दिलंस का?"

तिने पेन घेतलं. मुंजाजीला आज पुसणी झाली ते कळवलं का, असं मी विचारलं. फोन लागला नाही म्हणाली, गंगेच्या कडेला रेंज नसती. शिवशंकरला मेसेज टाकला होता, त्याने अंगठा पाठवला. मग मांडीवर वही ठेवून, सातवीतल्यासारख्या मोठ्या गोल अक्षरात तिने लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं.

'तोलायच्या आधी घरात सांगणे.'

उत्तर बरोबर होतं. पण त्या उत्तराला पुढचा प्रश्न येतो. इतकी वर्षं कुणी अर्धं उत्तर दिलं की मी तिथेच धरायचे, सोडायचे नाही. घरात म्हणजे कुणाला, एवढंच विचारायचं होतं. पाराच्या पाठीमागेच त्या दोघींची घरं; भिंतीच्या त्या बाजूने कमलबाईच्या परातीचा आवाज येत होता. दैवशालाही तो ऐकत होती. मी वही मिटून तिच्याकडे दिली. पुसणी संपली होती, आणि फाट्यावर जायला निघायचं होतं.